टक्केवारीचे सूत्र चुकते ते भाजकात

एक्सेल किंवा गूगल शीट्ससारख्या स्प्रेडशीटमध्ये टक्केवारी काढण्याबद्दलच्या आपल्या प्रश्नात तीन अडचणी आहेत. रकान्यात आधीच लिहिलेल्या २० या आकड्याला टक्केवारीचे स्वरूप दिले की तेथे २००० टक्के दिसतात. एकूण बेरजेतला वाटा काढणारे सूत्र पहिल्या ओळीत बरोबर येते, पण खाली ओढताच शून्याने भागल्याची चूक दाखवते. आणि विभागवार टक्केवारींची सरासरी काढली, तर ती संपूर्ण संस्थेच्या टक्केवारीशी जुळत नाही. पहिली अडचण आकडा कसा साठवला जातो याची आहे. उरलेल्या दोन वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे भाजक. टक्केवारी हा एक भागाकार असतो आणि कशाने भागायचे हे सूत्र लिहिणाऱ्यानेच ठरवावे लागते. स्प्रेडशीट ते आपल्यासाठी ठरवत नाही.

वाचण्याच्या सोयीसाठी मी सेलची (पत्रकातील चौकटींची) नावे, फंक्शनची (तयार सूत्रांची) नावे आणि अंक देवनागरीत लिहीत आहे. प्रत्यक्ष सूत्र टाइप करताना ते सगळे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी (1, 2, 3) अंकांतच लिहावे. काही संगणकांच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये सूत्रातील घटक स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने वेगळे करावे लागतात. सूत्र बरोबर दिसत असूनही स्वीकारले जात नसेल, तर आधी हे तपासावे.

२००० टक्क्यांचे कोडे सोपे आहे. ज्या सेलमध्ये २०% दिसते, त्या सेलमध्ये खरे तर ०.२ साठवलेले असते. टक्क्याचे चिन्ह हे केवळ दाखवण्याचे स्वरूप असून त्याचे काम साठवलेला आकडा शंभर पटीने दाखवणे आणि पुढे चिन्ह लावणे एवढेच आहे. म्हणून आधी २० लिहून मग स्वरूप बदलले, की २० चे २००० टक्के होतात. सेलला आधीच टक्केवारीचे स्वरूप दिले असेल आणि नंतर त्यात २० लिहिले, तर मात्र एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्ही ते २०% असेच घेतात. क्रमाने उत्तर बदलत असल्यामुळे लक्षात ठेवायला हे गैरसोयीचे आहे. त्यापेक्षा टाइप करतानाच २०% असे चिन्हासह लिहावे. मग स्वरूप आधी दिले की नंतर, याचा प्रश्नच उरत नाही.

संपूर्ण रकाना आधीच चुकला असेल, तर एकेक आकडा बदलत बसण्याची गरज नाही. एक्सेलमध्ये एखाद्या रिकाम्या सेलमध्ये १०० लिहा, तो सेल कॉपी करा, चुकलेला रकाना निवडा आणि पेस्ट स्पेशल उघडून तेथे 'व्हॅल्यूज' आणि 'डिव्हाइड' हे दोन्ही पर्याय निवडा. रकान्यातील प्रत्येक आकडा जागच्या जागी शंभराने भागला जातो. 'व्हॅल्यूज' निवडले नाही, तर १०० असलेल्या सेलचे स्वरूपही सोबत चिकटते आणि टक्केवारीचे स्वरूप पुन्हा द्यावे लागते. गूगल शीट्समध्ये पेस्ट करताना भागण्याची सोय नाही. तेथे शेजारच्या रकान्यात =बी२/१०० असे सूत्र लिहून, खाली ओढून, त्याची फक्त मूल्ये मूळ जागी पेस्ट करावी लागतात.

शाळेत शिकलेल्या सूत्रात शेवटी 'गुणिले १००' असते. स्प्रेडशीटमध्ये ते लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. भागाकार करा आणि टक्केवारीचे स्वरूप द्या. शंभराने गुणून पुन्हा स्वरूपही दिले तर उत्तर शंभर पटीने चुकते. गुणून स्वरूप दिलेच नाही, तर आकडा दिसायला बरोबर असतो, पण तोच सेल पुढच्या हिशेबात वापरताना दर वेळी शंभराने भागण्याची आठवण ठेवावी लागते. एकाच फाइलमध्ये काही रकाने एका पद्धतीचे आणि काही दुसऱ्या पद्धतीचे असले, की चूक शोधणाऱ्याचे हाल होतात.

येथेच कॅल्क्युलेटरच्या सवयीचा धोका सांगायला हवा. बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर ५०० + १०% असे केले की ५५० मिळतात, कारण ते यंत्र '५०० चे १० टक्के' असा अर्थ स्वतःच लावते. स्प्रेडशीट असा कोणताही अर्थ लावत नाही. =५००+१०% याचे उत्तर ५००.१ येते, कारण १०% म्हणजे ०.१ आणि तेवढेच मिळवले जाते. सेलमध्ये दशांश स्थळे दाखवलेली नसतील तर ५०० च दिसतात आणि वाढ झालीच नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वाढवायचे असेल तर =बी२*(१+सी२) आणि घटवायचे असेल तर =बी२*(१-सी२) हीच रचना वापरावी. दर सूत्रात न लिहिता वेगळ्या सेलमध्ये ठेवावा, म्हणजे दर बदलला तर एकाच ठिकाणी बदलावे लागते.

आता बदलाची टक्केवारी. बी२ मध्ये जुना आकडा ४०० आणि सी२ मध्ये नवा आकडा ४६० असेल, तर वाढ १५ टक्के आहे. पुष्कळ जण =सी२-बी२/बी२ असे लिहितात आणि त्यांना ४५९ हे उत्तर मिळते, ज्याला टक्केवारीचे स्वरूप दिले की ४५९००% दिसतात. भागाकार वजाबाकीच्या आधी होतो. त्यामुळे बी२ भागिले बी२ म्हणजे १ आणि ४६० मधून तो १ वजा होतो. कंस घालून =(सी२-बी२)/बी२ लिहावे किंवा त्याहून सुटसुटीत =सी२/बी२-१ लिहावे. दुसऱ्या रूपात कंस विसरण्याची शक्यताच राहत नाही, म्हणून मला तेच अधिक आवडते. क्रियांच्या क्रमाबाबत आणखी एक विचित्र गोष्ट अशी की एक्सेलमध्ये आकड्याआधीचे उणे चिन्ह घातांकाच्याही आधी लागू होते. म्हणून =-२^२ याचे उत्तर तेथे ४ येते, गणिताच्या पुस्तकाप्रमाणे उणे ४ नव्हे.

४०० वरून ४६० ही १५ टक्के वाढ असली, तरी ४६० वरून परत ४०० वर येणे ही १५ टक्के घट नाही. ती सुमारे १३.०४ टक्के आहे, कारण आता भाजक ४६० झाला. करासहित रकमेतून मूळ रक्कम काढताना हीच चूक सर्रास होते. २० टक्के कर धरून एकूण ६०० झाले असतील, तर ६०० मधून त्याचे २० टक्के वजा करून ४८० मिळतात आणि ते चूक आहे. कर मूळ रकमेवर लावलेला होता, एकूण रकमेवर नाही. म्हणून =बी२/(१+सी२) असे भागावे लागते आणि उत्तर ५०० येते. ५०० वर २० टक्के लावून पाहा, ६०० परत मिळतात. उलटा हिशेब केला की तो असा सुलटा करून पाहणे हा सर्वांत स्वस्त पडताळा आहे.

एकापाठोपाठ येणाऱ्या टक्केवारींची बेरीज करू नये. आधी १० टक्के आणि मग उरलेल्यावर २० टक्के सूट दिली, तर एकूण सूट ३० नव्हे तर २८ टक्के होते: =१-(१-१०%)*(१-२०%). एका वर्षी ५० टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी ५० टक्के घट झाली तर १०० चे ७५ उरतात. सरासरी बदल मात्र शून्य टक्के दिसतो. अनेक वर्षांचा सरासरी वार्षिक वाढदर हवा असेल, तर शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागून, जितकी वर्षे तितक्या घाताचे मूळ (दोन वर्षांसाठी वर्गमूळ) काढावे लागते. दोन वर्षांत २०० चे ३३८ झाले असतील तर सूत्र =(३३८/२००)^(१/२)-१ असे होईल आणि उत्तर ३० टक्के येईल. यातला १/२ भोवतीचा कंस विसरला, तर आधी १.६९ चा पहिला घात होतो, मग त्याला दोनने भागले जाते आणि शेवटी एक वजा होऊन उणे १५.५ टक्के हे उत्तर येते. म्हणजे भरघोस वाढ झालेली असताना पत्रक घट दाखवते आणि कोणतीही चूकसूचना येत नाही. येथे वर्षांची संख्या मोजतानाही सावध राहावे. पाच वर्षांचे आकडे असले, तर त्यांच्यामधली अंतरे चारच असतात आणि सूत्रात चारच यायला हवेत.

भाजक शून्य किंवा ऋण असेल तेव्हा बदलाची टक्केवारी निरर्थक होते. उणे ५० वरून अधिक ३० वर आलो, तर नेहमीचे सूत्र उणे १६० टक्के दाखवते, जणू परिस्थिती बिघडली. काही जण भाजकाला एबीएस हे उणे चिन्ह काढून टाकणारे फंक्शन लावून चिन्ह सुलटे करून घेतात. मी तसे करत नाही. अशा ओळीत टक्केवारी रिकामी ठेवून फरक ८० आहे एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे.

दोन टक्केवारींमधला फरक हा असाच एक गोंधळ. दर ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला, तर तो १ टक्केबिंदूने वाढला आणि मुळाच्या तुलनेत २५ टक्क्यांनी वाढला. वजाबाकीचे सूत्र लिहिल्यावर सेलमध्ये १% असेच दिसते, कारण स्वरूपाला या दोहोंतला भेद कळत नाही. तो भेद रकान्याच्या शीर्षकातच लिहावा.

आता आपली दुसरी अडचण. आकडे बी२ ते बी८ मध्ये आणि त्यांची बेरीज बी९ मध्ये आहे, असे धरू. पहिल्या ओळीत =बी२/बी९ लिहिले आणि खाली ओढले, की दुसऱ्या ओळीत ते =बी३/बी१० होते. बी१० रिकामा आहे, रिकामा सेल शून्य मानला जातो आणि #डिव्ह/०! ही चूकसूचना झळकते. सूत्र खाली सरकताना अंश (भागाकारातला वरचा आकडा) सरकायला हवा, पण भाजक जागचा हलता कामा नये. त्यासाठी ओळीच्या क्रमांकाआधी डॉलरचे चिन्ह द्यावे: =बी२/बी$९. टाइप करताना कर्सर बी९ वर ठेवून एफ४ ही कळ दाबली, की $बी$९, बी$९, $बी९ आणि पुन्हा बी९ अशी रूपे आळीपाळीने येतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही दाबावी लागते.

पुष्कळ जण सरसकट $बी$९ असे दोन्हीकडे डॉलर लावतात. एकाच रकान्यासाठी त्याने बिघडत नाही. पण शेजारी सी, डी, ई अशा रकान्यांत पुढच्या महिन्यांचे आकडे असतील आणि सूत्र उजवीकडेही ओढायचे असेल, तर प्रत्येक महिन्याला पहिल्याच महिन्याच्या बेरजेने भागले जाईल. ही चूक #डिव्ह/०! पेक्षा वाईट आहे, कारण आकडे येतात आणि खरे वाटतात. महिन्याच्या बेरजेतला वाटा हवा असेल तर बी$९, म्हणजे ओळ बांधलेली आणि रकाना मोकळा. एन रकान्यात प्रत्येक ओळीची वार्षिक बेरीज असेल आणि त्या बेरजेतला वाटा हवा असेल तर $एन२, म्हणजे रकाना बांधलेला आणि ओळ मोकळी. एवढे एकदा हाताने करून पाहिले की डॉलरचे कोडे कायमचे सुटते. पडताळ्यासाठी वाट्यांच्या रकान्याखाली बेरीज घ्यावी. ती नेमकी १००% आली नाही तर भाजक हलला आहे असे समजावे.

येथे इफएरर हे फंक्शन वापरून चूक झाकण्याचा मोह होतो. ते करू नये. इफएरर शून्याने भागल्याची चूक झाकते, तशीच चुकीच्या नावाची, पुसलेल्या सेलच्या संदर्भाची आणि मजकुराशी गणित केल्याचीही चूक झाकते. भाजक खरोखरच शून्य असू शकत असेल, तर तेवढीच अट लिहावी: =इफ(बी$९=०,"",बी२/बी$९). मात्र "" याने सेल रिकामा होत नाही. त्यात रिकामा मजकूर बसतो. त्या सेलमध्ये पुढे अधिक चिन्हाने काही मिळवायला गेलात तर #व्हॅल्यू! ही सूचना येईल. सम आणि अ‍ॅव्हरेज ही बेरीज आणि सरासरी काढणारी फंक्शने मात्र असे सेल वगळून पुढे जातात.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती कोणत्याही चूकसूचनेशिवाय वरिष्ठांच्या टेबलापर्यंत पोहोचते. तीन विभाग घेऊ. पहिल्याकडे १० प्रकरणे होती, त्यांतली ९ निकाली निघाली, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्याकडे २०० होती, १२० निघाली, ६० टक्के. तिसऱ्याकडे ९० होती, ४५ निघाली, ५० टक्के. या तीन टक्केवारींची सरासरी ६६.६७ टक्के येते. पण एकूण ३०० प्रकरणांपैकी १७४ निकाली निघाली, म्हणजे ५८ टक्के. पहिल्या विभागाची अवघी १० प्रकरणे दुसऱ्याच्या २०० इतकीच वजनदार धरली गेली, म्हणून साडेआठ टक्केबिंदूंहून अधिक फरक पडला. एकूण टक्केवारी हवी असेल, तर टक्केवारीच्या रकान्याला हातच लावू नये, सी रकान्यातल्या निकाली प्रकरणांच्या बेरजेला बी रकान्यातल्या एकूण प्रकरणांच्या बेरजेने भागावे:

=सम(सी२:सी४)/सम(बी२:बी४)

निकाली निघालेल्या प्रकरणांची संख्या उपलब्ध नसेल आणि हाती फक्त डी रकान्यातली टक्केवारी आणि बी रकान्यातली एकूण प्रकरणे असतील, तर भारित सरासरी काढावी:

=समप्रॉडक्ट(बी२:बी४,डी२:डी४)/सम(बी२:बी४)

समप्रॉडक्ट प्रत्येक ओळीतील दोन आकड्यांचा गुणाकार करून त्यांची बेरीज देते, म्हणून येथेही उत्तर ५८ टक्केच येईल. साधी सरासरी नेहमीच चूक असते असे नाही. 'एका विभागाची कामगिरी सरासरीने कशी आहे' हा प्रश्न असेल आणि प्रत्येक विभाग समान महत्त्वाचा मानायचा असेल, तर ६६.६७ हेच उत्तर योग्य आहे. पण मग शीर्षकात 'विभागांची सरासरी' असे लिहावे, 'एकूण' असे लिहू नये. पिव्हट टेबलमध्ये (माहितीचा गटवार सारांश देणाऱ्या तक्त्यात) टक्केवारीचा रकाना टाकून त्याची सरासरी मागितली तरी हीच गफलत होते. एक्सेलमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड (त्या तक्त्यातच सूत्राने बनवलेला रकाना) तयार करून भागाकार तेथे केला, तर तो बेरजांवर होतो आणि उत्तर बरोबर येते.

होकार-नकाराच्या टक्केवारीतही भाजकाचाच प्रश्न असतो. ५० ओळींपैकी ४० जणांनी उत्तर दिले आणि ३० जण 'हो' म्हणाले, तर =काउंटइफ(सी२:सी५१,"हो")/काउंटए(सी२:सी५१) हे सूत्र ७५ टक्के देते, कारण काउंटए रिकामे सेल मोजत नाही. विचारलेल्या सर्वांपैकी किती, असे हवे असेल तर उत्तर ६० टक्के आहे आणि भाजकात रोज़ या फंक्शनने ओळींची संख्या घ्यावी: रोज़(सी२:सी५१). दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. यादीला फिल्टर लावणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सम फिल्टरने लपवलेल्या ओळीही मोजते, तर सबटोटल(९,…) त्या वगळते (येथे ९ म्हणजे बेरीज). भाजकात यांपैकी काय आहे त्यानुसार वाटा पूर्ण यादीतला आहे की दिसणाऱ्या यादीतला, हे ठरते.

पूर्णांकनाबद्दल थोडे. सेलमधली दशांश स्थळे कमी केली की फक्त दिसणारा आकडा बदलतो, साठवलेला तसाच राहतो. म्हणून २.४ आणि २.४ यांची बेरीज छापील पत्रकात '२ आणि २ मिळून ५' अशी दिसू शकते. पत्रक छापून कोणी हाताने बेरीज पडताळणार असेल, तर प्रत्येक ओळीलाच राउंड हे पूर्णांकन करणारे फंक्शन लावावे आणि त्या पूर्णांकित आकड्यांची बेरीज घ्यावी. पुढे अजून हिशेब व्हायचे असतील तर मधल्या पायरीवर पूर्णांकन करू नये. टक्केवारीवर राउंड वापरताना एक खाच आहे. १७.३४% म्हणजे ०.१७३४, त्यामुळे =राउंड(डी२,२) दोन दशांशांऐवजी थेट १७% देते. टक्केवारीत दोन दशांश हवे असतील तर राउंडमध्ये ४ लिहावे लागते.

दिसणारा आणि साठवलेला आकडा यांतला हाच फरक अटींमध्ये वाद निर्माण करतो. सेलमध्ये ६०% दिसत असतात, पण आत ०.५९६ असते, आणि =इफ(डी२>=६०%,"पात्र","अपात्र") हे सूत्र 'अपात्र' म्हणते. सूत्र बरोबर असते. पूर्णांकन करून पात्रता ठरवायची की न करता, हा निर्णय नियमाचा आहे आणि तो आधी घेऊन सूत्रात राउंड(डी२,२) घालायचे की नाही हे ठरवावे. दोन आकडे समान आहेत का हे तपासतानाही थेट बरोबरीचे चिन्ह वापरू नये. एक्सेलमध्ये =१*(०.५-०.४-०.१) याचे उत्तर शून्य न येता शून्याच्या अगदी जवळचा एक ऋण आकडा येतो, कारण ०.१ किंवा ०.४ यांसारखे दशांश संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके लिहिता येत नाहीत. =राउंड(ए२-बी२,६)=० अशी तुलना केली की हा त्रास टळतो.

एवढे करूनही टक्केवारी पटण्यासारखी येत नसेल, तर आकडे मजकूर म्हणून साठवले गेले आहेत का ते पाहावे. दुसऱ्या प्रणालीतून कॉपी केलेल्या माहितीत हे नेहमी घडते. असे आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसतात आणि सम त्यांना निमूटपणे वगळते, त्यामुळे भाजक लहान होतो आणि सगळे वाटे फुगतात. =काउंट(बी२:बी५१) आणि =काउंटए(बी२:बी५१) शेजारी शेजारी लिहावे. पहिले फक्त आकडे मोजते आणि दुसरे रिकामे नसलेले सगळे सेल. पहिल्याने ४६ आणि दुसऱ्याने ५० दाखवले, तर चार सेलमध्ये मजकूर आहे. ते शोधून व्हॅल्यू फंक्शनने आकड्यांत बदलावे आणि मगच वाट्यांच्या रकान्याकडे वळावे.